हायस्कूलचे दिवस रोज सारखेच वाटतात, मग पुढे नेमकं काय आठवतं?

तू विचारलं आहेस: नववीत आहे, रोज तीच घंटा, तेच तास, तोच बाक. घरातले मोठे मात्र सारखं म्हणतात की हेच दिवस पुढे आठवतील. मग यात आठवण्यासारखं आहे तरी काय, तुम्हाला काय आठवतं, आणि आत्तापासून काही लिहून ठेवावं का?

मोठे म्हणतात ते खरं आहे, पण ते अर्धंच सांगतात. ते ऐकून आपल्याला वाटतं की आठवणी म्हणजे स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, निकाल, निरोपाचा दिवस. हे सगळं माझ्याही शाळेत झालं. निकालाच्या दिवसातले मला गुणपत्रिकेवरचे आकडे तेवढे आठवतात. निरोपाच्या दिवशी कोण काय बोललं, यातलं एक वाक्यही सांगता येणार नाही. सगळं लख्ख आठवतं ते एका साध्या, मधल्याच दिवशीच्या गणिताच्या तासाचं.

बीजगणित चाललं होतं. बाईंनी फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता उणे गुणिले उणे अधिक केलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ‘‘बाई, पण अधिक का?’’ वर्गातून कंटाळ्याचा सूर निघाला. नियम आम्हाला आधीच्या इयत्तांपासून पाठ होता, रोज वापरत होतो, आणि घंटा व्हायला आली होती. बाई खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘नियम मला माहीत आहे. तो असाच का, हे मला आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या सांगते.’’

दुसऱ्या दिवशी हजेरीसुद्धा घ्यायच्या आधी त्यांनी फळ्यावर लिहिलं:

(−१) × [१ + (−१)]

‘‘चौकटी कंसातली बेरीज किती?’’ शून्य. ‘‘शून्याला कशानेही गुणलं तर?’’ शून्यच. म्हणजे या सगळ्याचं उत्तर शून्य, यात वाद नाही. ‘‘आता कंस उघडून गुणा. उणे एक गुणिले एक?’’ उणे एक. त्यांनी ते लिहिलं, पुढे अधिकचं चिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे (−१) × (−१) लिहून त्याभोवती गोल केला. ‘‘हे किती ते आपल्याला माहीत नाही असं समजू. पण उणे एकमध्ये हे मिळवलं की शून्य यायलाच हवं. तर मग हे किती?’’

सगळा वर्ग एकदम ओरडला, ‘‘एक!’’

उणे गुणिले उणे अधिक, ही तोवर माझ्यासाठी कुणीतरी कधीतरी दिलेली आज्ञा होती. त्या दिवशी कळलं की तिथे दुसरं काही असूच शकत नाही. शून्याचा नियम आणि कंस उघडायचा नियम टिकवायचा असेल, तर उत्तर एकच. तो आनंद कसा सांगू? आजही कुणाला हे समजावून सांगताना मला तो जसाच्या तसा होतो. आणि त्याच्याइतकंच घट्ट बसलेलं आहे ते आदल्या दिवशीचं ‘उद्या सांगते’. भरलेल्या वर्गासमोर एक मोठं माणूस आपल्याला माहीत नाही असं म्हणालं, त्याने त्यांचा मान कणभरही कमी झाला नाही, आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. असं मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘पहिल्यांदाच’ हे इथे महत्त्वाचं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर अगदी अलीकडच्या सोडून इतर आठवणींत साधारण १० ते ३० वर्षं वयातल्या आठवणींची गर्दी दिसते. मानसशास्त्रज्ञांना हे पुन्हा पुन्हा आढळलं आहे. त्याची एकाहून अधिक स्पष्टीकरणं दिली जातात. या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, हे एक. दुसरं असं की आपण कोण, आपल्याला काय पटतं, कुणासारखं व्हायचं हे याच वयात ठरत असतं, आणि त्या ठरण्याशी जोडलेलं सगळं मन सांभाळून ठेवतं. मला दुसरं जास्त पटतं. त्या तासाला मला बीजगणितापेक्षाही, कसं माणूस व्हायचं याची काहीतरी खूण मिळाली होती.

आता तुझ्या ‘रोज तेच’ बद्दल. दिवस सारखे असतात हे खरं, आणि त्यातला बराचसा भाग पुसला जातो हेही खरं. पहिल्या तासाचं तर मला कुठल्याच वर्षाचं काही आठवत नाही. याचं मोठं कारण झोप. वयात येताना शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे लवकर आडवं झालं तरी डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून बहुतेक हायस्कूलना तसा कायदाच लागू झाला. घरी कुणी तुला आळशी म्हणत असेल तर हे जरूर दाखव. शिकलेलं मनात मुरायलाही झोपच लागते, त्यामुळे अपुरी झोप दिवसाची दोन्ही टोकं खाते.

पहिला तास गेला, पण शाळेत जातानाचा रस्ता राहिला. मी आणि माझी मैत्रीण चालत जायचो आणि चाचणी असली की एकमेकींना प्रश्न विचारायचो. तिचा दंडक असा होता की उत्तर आलं नाही तरी लगेच पुस्तक उघडायचं नाही, पुढच्या वळणापर्यंत आठवत राहायचं. मला त्याचा राग यायचा. पण तिने विचारलेले प्रश्न आजही आठवतात, ते कुठल्या वळणावर विचारले त्याच्यासकट, आणि रात्री चार-चार वेळा वाचलेली पानं मात्र कोरी झाली आहेत. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यासाचा सल्ला तू मागितलेला नाहीस, तरी हा घे. शिवाय यात सोबत असते, आणि ती सोबतच पुढे जास्त आठवते.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण नववी म्हटलं की ती असतेच: फजितीची भीती. आमच्या वर्गात एक मुलगा धडा मोठ्याने वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा आवाज फुटला. हे मला अलीकडे कळलं, त्याच्याच तोंडून. वर्गातले आम्ही काही जण जमलो होतो, तेव्हा तो म्हणाला की त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत त्याने स्वतःहून एकदाही वाचायला हात वर केला नाही. धडा कोणता, ओळ कोणती, कोण हसलं, सगळं त्याला पाठ. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्यापैकी एकालाही तो प्रसंग आठवत नव्हता. त्याला ते खरंच वाटेना. मला फार वाईट वाटलं, कारण त्याचं वाचन छान होतं हे मात्र दोघा-तिघांना आठवत होतं.

सगळं जग आपल्याकडेच बघतंय, असं या वयात का वाटतं याबद्दल डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ सालीच लिहून ठेवलं आहे. कुमारवयीन मुलांच्या मनात एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग कायम बसलेला असतो, असं त्याचं म्हणणं. पुढे २००० साली गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. शर्टावरचं चित्र कोणाचं हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं त्यांना विचारलं. घालणाऱ्यांचा अंदाज होता जवळजवळ निम्म्यांच्या. प्रत्यक्षात ते साधारण पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. आणि ही त्याच खोलीतली, त्याच वेळची गोष्ट. वर्षं उलटल्यावर त्यातलं किती उरेल, ते आमच्या त्या भेटीत मी पाहिलं. म्हणून हात वर करायचा असेल तर कर. ‘बाई, पण का?’ विचारणाऱ्या त्या मुलीलाही वर्गाचा कंटाळलेला सूर ऐकू आला होताच की.

बाकी बारीकसारीक पुष्कळ आहे. सर आले नाहीत म्हणून मिळालेला मोकळा तास आणि तो कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पाळलेली शांतता. प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर काळ्या कडांच्या गोल गोल पेशी दिसल्या म्हणून झालेला जल्लोष, आणि त्या पेशी नसून काचेखाली अडकलेले हवेचे बुडबुडे आहेत हे सरांनी दाखवल्यावर, काच तिरकी धरून हळूच टेकवायला शिकणं. मग खऱ्या पेशी दिसल्या, एकमेकींना चिकटून रचलेल्या, आयोडीनने पिवळसर झालेल्या. वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेलेली एक मुलगी, जिची जागा कितीतरी दिवस कुणी घेतली नाही.

तिचं नाव मला आठवत नाही. चेहरा, वेणीची ढब, अक्षराचं वळण दिसतं, आणि नाव येत नाही, याची मला खंत आहे.

हेही माझ्या एकटीचं नाही. हॅरी बाहरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या ३९२ जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत नुकतेच शाळा सोडलेले होते, तसेच पन्नासेक वर्षांपूर्वी सोडलेलेही. त्यांच्याच शाळेच्या जुन्या वार्षिक अंकांतली छायाचित्रं अनोळखी चेहऱ्यांत मिसळून दाखवली, तेव्हा वर्गसोबत्यांचे चेहरे ओळखण्यात ते सुमारे ९० टक्के वेळा बरोबर होते, आणि ही ओळख तीस-पस्तीस वर्षं जवळजवळ तशीच टिकलेली होती. मात्र काहीही न दाखवता वर्गातल्यांची नावं लिहा म्हटलं, की गाडी फार लवकर अडत होती, आणि जितकी वर्षं जास्त तितकी नावं कमी. रोज त्याच माणसांत, त्याच खोलीत वर्षानुवर्षं बसल्यामुळे चेहरे इतके खोल जातात. तुला कंटाळवाणं वाटणारं हे ‘रोज तेच’ आतून असं काम करत असतं.

तर लिहून ठेवावं का? हो, जरूर. पण ‘आज खूप मजा आली’ असं नको, त्यातून पुढे काहीच हाती लागत नाही. कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिही. एखाद्या सरांची किंवा बाईंची लकब लिही. कुठला प्रश्न कुणी विचारला ते लिही, उत्तर मिळालं नसलं तरीही. रोज लिहायची सक्ती करून घेऊ नकोस, आठवड्यातून चार ओळी पुरतात. आणि वहीच्या मागच्या पानावर वर्गाचा नकाशा काढ: बाकांच्या रांगा, आणि प्रत्येक जागेवर पूर्ण नाव, टोपणनाव नव्हे. जागा बदलल्या की नवा नकाशा काढ आणि त्यावर तारीख घाल. कुणी मध्येच शाळा सोडून गेलं, तर त्याचं नाव खोडू नकोस.