पुस्तकं आणि व्हिडिओ असताना गोष्टींचे पॉडकास्ट ऐकण्यात नेमकी काय मजा आहे?

मी रावेर तालुक्यात केळी करतो. आमच्याकडे पंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते आणि ठिबक असलं तरी मधूनमधून उठून कॉक फिरवायला जावं लागतं. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी. डोळे बांधावरून हलवता येत नाहीत. साप असतो, कधी बिबट्याही. कान तेवढा रिकामा असतो. (तोही एकच. दुसरा मोकळा ठेवा, मोटरचा आवाज बदलला तर कळायला हवं.)

पण तुमचा प्रश्न असा आहे की पुस्तक आणि व्हिडिओ हाताशी असताना नुसता आवाज का ऐकायचा. मी तर घरी निवांत असतो तेव्हाही ऐकतो.

शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांचं कथाकथन ऐकायला लोक गर्दी करायचे. कथा छापलेल्या होत्या, वाचनालयात मिळत होत्या, तरीही. कारण वाचताना वेग आपला असतो. उत्सुकता वाढली की आपण दोन ओळी गाळून पुढे पळतो. ऐकताना ते चालत नाही. सांगणारा थांबला की आपणही थांबायचं, आणि त्या थांबण्यातच पुढचं हसू किंवा धसका तयार होत असतो. मिरासदारांची ध्वनिमुद्रणं ऐका. श्रोते हसत असताना ते जराही घाई करत नाहीत. म्हणूनच पॉडकास्ट दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बातम्या तशा ऐका, गोष्ट नको. तुम्ही नेमकी तिची थांबण्याची जागा कापता.

इंग्रजी जमत असेल तर २०१४ सालच्या 'सीरियल' या पॉडकास्टचा पहिला सीझन ऐका. १९९९ साली अमेरिकेत बाल्टिमोर भागात एका शाळकरी मुलीचा खून झाला होता. पत्रकार सारा केनिग ते प्रकरण १२ भागांत पुन्हा तपासते. सुरुवातीचे भाग लोकांपर्यंत पोचत होते तेव्हा तिचा तपास चालूच होता, म्हणून तिची चलबिचल खरी आहे. शिक्षा झालेल्या मुलावर विश्वास ठेवावा की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही, आणि ते शब्दांच्या आधी तिच्या आवाजात कळतं. छापलेल्या मजकुरात एवढी शंका क्वचितच उरते. बाल्टिमोर मी पाहिलेलं नाही. माझ्या डोक्यात त्या शाळेचा व्हरांडा आमच्या सावद्याच्या शाळेचाच आहे.

आणखी एक सुख आमच्या भागातल्यांनाच जास्त कळेल. माझी सासुरवाडी साक्रीकडची, तिकडे अहिराणी. छापलेली अहिराणी वाचताना मी अडखळतो. कुणी बोलू लागलं की सगळी कळते, वर माणूस कुठल्या बाजूचा तेही जरा जरा उमगतं. यूट्यूबवर अहिराणीत बोलणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचा भर विनोदावर आहे. एखाद्या म्हातारीने सबंध गोष्ट सावकाश सांगावी आणि कुणीतरी ती नीट ध्वनिमुद्रित करावी, याची मी फार वाट बघतोय.

सुरुवात छोट्या गोष्टीपासून करा. दहा मिनिटांत आवाज मनाला पटला नाही तर बेलाशक सोडून द्या. कथा कितीही चांगली असली तरी न आवडणाऱ्या आवाजासोबत तास काढवत नाही. आणि भाग घरीच डाउनलोड करून ठेवा, केळीच्या बागेत रेंज नसते.