हवेतला अमोनिया टिपण्यासाठी कोणत्या आम्लाचा लेप द्यावा?

प्रश्न : एम. एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पोल्ट्री शेडच्या बाहेर अमोनिया मोजत आहे. सायट्रिक आम्लाचा लेप दिलेल्या, २० सेंटिमीटर लांबीच्या दोन काचेच्या नळ्या एकापाठोपाठ जोडून मिनिटाला १ लिटर या वेगाने २४ तास हवा ओढतो. एप्रिलमध्ये दुसऱ्या नळीत पहिलीच्या एक तृतीयांश इतका अमोनिया सापडला. लेप बदलावा का?
— एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

उत्तर : दुसरी नळी जोडण्याची काळजी तुम्ही घेतलीत हे फार चांगले केलेत, ती नसती, तर कमी आलेला आकडाच खरा मानला गेला असता. दोष नळीच्या मापात नाही. हवा संथपणे वाहत असेल तर वायू भिंतीपर्यंत किती पोचतो हे नळीची लांबी आणि मिनिटाला किती लिटर हवा जाते यांवरच ठरते, व्यासावर नाही. तुमच्या मापाच्या नळीत चांगल्या लेपाने ९५ टक्क्यांहून अधिक अमोनिया पहिल्याच नळीत अडायला हवा.

म्हणजे एकतर लेप संपला किंवा त्याने धरलेला अमोनिया पुन्हा सोडला. शेडजवळ अमोनिया ५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५ भाग) असेल, तर २४ तासांत सुमारे ५ मिलिग्रॅम नळीत येतो, आणि सायट्रिक आम्लाचा एक रेणू अमोनियाचा एकच रेणू भरवशाने धरतो असे मानले, तर त्यासाठी जवळजवळ ५६ मिलिग्रॅम आम्ल लागते. तुमच्या नळीत ते किती बसते, हे लेपापूर्वी आणि लेप वाळल्यानंतर वजन करून पाहा. आम्ल पुरेसे निघाले, तर संशय उष्णतेवर घ्यावा : सायट्रिक आम्ल सौम्य असल्यामुळे त्याचे अमोनियम लवण तापलेल्या हवेत अमोनिया सोडू लागते, आणि दुपारी ओढलेली हवा रात्री जमा झालेला साठा पुढे ढकलते. चार-चार तासांचे नमुने घेऊन पाहा. दुसऱ्या नळीतला वाटा एकदम घटला, तर कारण या दोहोंपैकीच आहे.

दीर्घ नमुन्यासाठी, तेही उन्हाळ्यात, मी फॉस्फरस आम्ल निवडेन. ते अधिक तीव्र आहे आणि अमोनिया घट्ट धरते. मात्र दुकानातून आणताना नाव नीट वाचावे, कारण फॉस्फोरिक आम्ल हे निराळे : त्याच्या रेणूत ऑक्सिजनचे चार अणू असतात, फॉस्फरस आम्लाच्या रेणूत तीन. शिवाय फॉस्फरस आम्ल क्षपणकारी आहे, म्हणजे हायपोक्लोराइटसारख्या ऑक्सिडीकारकाला ते खाऊन टाकू शकते. फिनॉल आणि हायपोक्लोराइट वापरून निळा रंग आणण्याची पद्धत तुम्ही वापरत असाल, तर प्रमाण द्रावणे त्याच आम्लात तयार करून रंग पूर्ण उमटतो याची आधी खात्री करावी. ऑक्झॅलिक आम्ल उन्हाळ्यात टाळावे; ते स्वतःच थोडे उडून जाते.

सायट्रिकच वापरायचे असेल, तर मेथेनॉलमधील द्रावणात थोडे ग्लिसरीन घालावे, म्हणजे लेप कोरडा पडून स्फटिक होत नाही. लेप वाळवण्याची हवा आधी आम्लातून गाळून घ्यावी आणि नळ्यांची तोंडे लगेच बंद करावीत, कारण माणसाच्या श्वासातही अमोनिया असतो. प्रत्येक फेरीत शेडपर्यंत नेऊन न उघडता परत आणलेल्या किमान दोन कोऱ्या नळ्या तपासाव्यात.