अष्टपाद म्हणजे नेमके कोण?

प्रश्न असा आहे: कोळी आणि विंचू हे कीटक नाहीत म्हणतात, मग त्यांना मराठीत काय म्हणायचे? आणि ‘अष्टपाद’ म्हणजे ऑक्टोपस ना?

ऑक्टोपसचा मुद्दा आधी निकालात काढू. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘आठ पायांचा’, त्यामुळे शब्दशः मराठी करायला गेले की अष्टपादच हाती येतो. पण संस्कृत कोशांत ‘अष्टपाद’ म्हणजे कोळी (आणि शरभ नावाचा काल्पनिक प्राणीही). हक्क कोळ्याचा जुना आहे. ऑक्टोपसला ऑक्टोपस म्हणावे.

अष्टपाद हे एका मोठ्या वर्गाचे नाव: कोळी, विंचू, गोचीड आणि त्यांचे गणगोत. कीटकाला सहा पाय, यांना आठ. कीटकाच्या डोक्यावर शृंगिका (मिशांसारखे स्पर्शांग) असतात, बहुतेकांना पंखही. यांना दोन्ही नाहीत. म्हणून ढेकूण, ऊ, पिसू हे कीटक, पण कुत्र्याच्या कानाला चिकटलेली गोचीड कोळ्याच्या नात्यातली. गोम दोन्हींकडची नाही. विंचवाच्या नांग्या मोजून कुणी दहा पाय म्हणेल, पण नांग्या हे पाय नव्हेत; तोंडाजवळची ती वेगळी जोडी आहे.

बोलताना विंचवाला ‘किडा’ म्हटले तर मी हरकत घेणार नाही. तो लोकव्यवहारातला ऐसपैस शब्द आहे. ‘कीटक’ मात्र आता शास्त्राने बांधून घेतला आहे, तिथे सैलपणा चालत नाही. विंचू शेपटीच्या टोकाने डंख मारतो आणि तरी मराठीत तो ‘चावतो’च, तेही चालू द्यावे. उलट ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण अक्षरशः खरी आहे. पिल्ले जन्मली की आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात.

सगळ्यात गमतीचा शब्द ‘कोळी’. या वर्गाचे शास्त्रीय नाव ‘ॲरॅक्निडा’ ग्रीक ‘अराख्ने’वरून आले. अराख्ने म्हणजे कोळी, आणि कथेतली ती विणकर मुलगीही, जिने देवी अथीनाशी पैज लावली आणि जिचा कोळी झाला. आपला ‘कोळी’ प्राकृतातल्या ‘कोलिअ’पर्यंत मागे नेतात, त्याचेही अर्थ दोन, विणकर आणि कोळी. दोन्हीकडे लोकांना जाळ्यात विणकराचा मागच दिसला.

शेतीच्या भाषेत हाच शब्द आणखी पसरतो. पानांमागे बारीक जाळी करणारा ‘लाल कोळी’ खरा कोळी नव्हे, तो माइट, म्हणजे गोचिडीच्या जवळचा एक बारीक जीव. तरी तो अष्टपादच, म्हणजे नाव ठेवणाऱ्याचा नेम फारसा चुकलेला नाही. इथे शब्दाने व्यवहारही ठरतो. त्याला कीटक समजून कीटकनाशक मारले तर कित्येकदा त्याला खाणारे कीटक मरतात आणि तो मात्र वाढतो. म्हणून ‘कोळीनाशक’ हा वेगळा शब्द हवाच. खरूज करणारा जीव माइटच, आणि पहिल्या पावसात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडाही.

संख्येत कोळी आणि माइट-गोचिडी यांचेच राज्य. दोन्हींच्या नोंदलेल्या जाती प्रत्येकी 50,000 च्या पुढे. विंचू अडीच हजारांच्या आसपास. बाकीची मंडळी थोडी, पण नावांनी फसवणारी. छद्मविंचू काही मिलिमीटरचा, नांग्या विंचवासारख्या पण शेपूट नाही. जुन्या पुस्तकांत सापडतो आणि तिथल्या बारीक किड्यांना खातो. चाबूकविंचवाला डंखच नाही, तो व्हिनेगरच्या वासाचे आम्ल फवारतो. हार्व्हेस्टमन लांब पायांमुळे कोळी वाटतो, पण त्याला विषही नाही आणि रेशीमही नाही.

आता ‘अष्टपाद’मधली खोट. माइट आणि गोचिडीची पिल्ले अंड्यातून बाहेर येतात ती सहा पायांची. नारळावर पडणाऱ्या इरिओफिड कोळ्याला (हाही माइटच) तर जन्मभर चारच पाय. तरीही ते अष्टपाद. वर्ग ठरतो नात्याने, पाय मोजून नव्हे. आणि पायांच्या हिशोबावर बेतलेला शब्द एवढी उधारी ठेवणारच.