मागून येणारा हूंऽऽ आवाज : डिफरन्शियल बदलू की दुरुस्त करू?

प्रश्न : गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे, दीड लाख किलोमीटर झालेत. दोन-तीन महिन्यांपासून साठच्या पुढे गेलं की मागून हूंऽऽ असा आवाज येतो, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बराच कमी होतो. एक मेकॅनिक म्हणाला डिफरन्शियल गेलं, अख्खं असेंब्लीच बदला, दुसरा म्हणतो नुसती बेअरिंगं टाका. कुणाचं ऐकू, आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?

उत्तर : आत्ता तरी कुणाचंच ऐकू नका, कारण दोघांपैकी एकानेही डिफरन्शियलचं ऑइल काढून बघितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही आणि ते न बघता निदान करणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

आधी आवाज खरंच डिफचाच (डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधली, इंजिनची ताकद त्यांना वाटून देणारी गिअरची पेटी) आहे का ते बघा, कारण टायर, व्हील बेअरिंग आणि डिफ यांच्या आवाजात भलेभले फसतात. खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर आल्यावर आवाजाची जातच बदलली तर तो टायरचा. सरळ जाताना गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली आणि एका बाजूला वजन गेलं की आवाज वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, असं असेल तर व्हील बेअरिंगवर संशय घ्या. मग एकच स्पीड धरून एकदा चौथ्यात आणि एकदा पाचव्यात चालवा, इंजिनचे आरपीएम बदलले तरी आवाजाचा सूर तोच राहिला तर आवाज गिअरबॉक्सनंतरच्या भागाचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे डिफपर्यंत जाणारा लांब दांडा) किंवा डिफचा.

आता तुम्ही लिहिलेली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आवाज कमी होतो. अ‍ॅक्सिलरेटर दिला की पिनियन (शाफ्टकडून फिरणारा डिफमधला छोटा गिअर) क्राउनच्या (त्याने फिरवलेल्या मोठ्या गिअरच्या) दात्यांच्या एका बाजूला रेटतो आणि सोडला की चाकंच उलट पिनियनला फिरवतात, तेव्हा दात्यांची दुसरी बाजू लोड घेते. त्यामुळे फक्त ओढताना येणारा हूं हा बहुतेक वेळा दाते झिजल्याचा किंवा पिनियन जागेवरून सरकल्याचा असतो, आणि पिनियन सरकतो तो बऱ्याचदा त्याची बेअरिंगं ढिली झाल्यामुळेच. म्हणजे दोन्ही मेकॅनिक थोडे थोडे बरोबर असू शकतात! लोड असो वा नसो, सारखी घरघर येत असती तर मी सरळ बेअरिंग म्हटलं असतं. फक्त वळताना कटकट आली तर डिफच्या आतले छोटे स्टार गिअर, आणि गिअर टाकताना ठक् आवाज आला तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) बघायचे, डिफला उगाच बदनाम करायचं नाही.

तेव्हा आता ऑइल काढा, पण वरचा भरायचा प्लग आधी खोला, तो सुटतोय ना हे बघा आणि मगच खालचा काढा, नाहीतर ऑइल सांडून बसाल आणि भरायला जागाच नाही. प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर ती एवढ्या किलोमीटरला नॉर्मल आहे, काळजी नको. बोटाला टोचतील असे चकचकीत तुकडे, पापुद्रे किंवा दात्याचा टवका निघाला तर मात्र गाडी तिथेच थांबवा. ऑइल कमी भरलं तर नवीन वस्तूही मरेल, सपाट जागेवर भरायच्या भोकाच्या काठापर्यंत यायला हवं. ग्रेड मॅन्युअलमध्ये बघा, साधारण हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपासून थोडा सरकवून बसवलेल्या) डिफला जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं, लिमिटेड स्लिप (एकच चाक घसरून फिरत राहू न देणारं डिफ) असेल तर त्याचं अ‍ॅडिटिव्हही.

आता मुख्य प्रश्न. कव्हर काढून क्राउनला रंग लावून दात्यांवर ठसा कुठे पडतो ते बघायला सांगा आणि डायल गेजने बॅकलॅश (दोन्ही गिअरच्या दात्यांमधली मोकळीक) मोजायला सांगा, पुष्कळ गाड्यांत तो 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल. दाते निरोगी आणि फक्त बेअरिंगं गेली असतील तर बेअरिंगं आणि सील बदलून शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) नीट बसवले की काम झालं. पण दात्यांवर खड्डे पडले असतील, पापुद्रा उडाला असेल, तर नुसत्या बेअरिंगने आवाज जाणार नाही, पैसे दोनदा जातील. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे, त्यांचे दाते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, एक जुना एक नवा चालत नाही. बेअरिंग कॅप डावी-उजवी अदलाबदल होऊ देऊ नका, हेही सांगून ठेवा.

शिम आणि प्रीलोडचं (बेअरिंगला नेमका ताण देण्याचं) काम येणारा माणूस नसेल तर मी प्रामाणिकपणे सांगतो, चांगलं वापरलेलं असेंब्ली घेणं बरं, पण रेशो (क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते) तोच हवा. क्राउनला 41 आणि पिनियनला 11 दाते असतील तर 3.73, असे मोजून घ्या. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या-मागच्या रेशोत फरक चालतच नाही.

चालवायचं म्हणाल तर ऑइल स्वच्छ आणि आवाज वाढत नसेल तर तपासणीपर्यंत सावकाश चालवा, घरघर वाढत असेल तर नको. पिनियन जाम झाला तर मागची चाकं चालत्या गाडीत लॉक होऊ शकतात, घरातली माणसं गाडीत असतात, हे हलक्यात घेऊ नका.

प्रश्न : पिनियनचं सील गळत होतं म्हणून बदललं. आधी आवाज नव्हता, आता शिट्टीसारखा येतोय. सीलमुळे आवाज येतो का?

उत्तर : सीलमुळे नाही, नटमुळे. सील काढायला पिनियन नट खोलावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत क्रश स्लीव्ह नावाची धातूची नळी असते, ती दबून बेअरिंगला नेमका ताण देते. नट जोरात आवळला की ती जास्त दबते आणि परत फुगत नाही, मग बेअरिंग तापतं, कमी आवळला तर पिनियन हलतो. पिनियन चाकांपेक्षा तीन-चार पट वेगाने फिरतो, त्यामुळे चूक लगेच ऐकू येते. नुसता नट सैल करून घेऊ नका, जास्त दबलेली स्लीव्ह तशीच राहील. नवीन स्लीव्ह, नवीन नट, आणि आवळताना पिनियन फिरवायला किती टॉर्क लागतो ते मोजून घ्यायचं. हे होईपर्यंत हायवेला काढू नका, आणि गाडी चालवून आल्यावर पिनियनजवळचं हाऊसिंग जपून तपासा, हात लावता येणार नाही इतकं तापत असेल तर बेअरिंगही सोबत बदलायचं.