सेल्फ जोरात फिरतो पण जुनी डिझेल पिकअप चालू होत नाही, पंप उतरवावा का?

तुमचा प्रश्न असा: गाडी दोन महिने लिंबाखाली उभी होती, बॅटरी नवी टाकली, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही आणि मिस्त्री म्हणतो पंप (इंजिनाला दाबानं डिझेल पुरवणारा) उतरवायचा. माझं उत्तर: पंप आत्ताच उतरवू नका. उभ्या राहिलेल्या गाडीचा पंप सहसा जात नाही, तिच्या लाइनीत एअर शिरते.

आधी धूर बघा. एक माणूस सायलेन्सरमागं उभा करा आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून दहा सेकंद सेल्फ मारा. धूर अजिबात येत नसेल तर नोझलपर्यंत (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) डिझेल पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग दोष हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे), टायमिंग (डिझेल सुटायची वेळ) किंवा कॉम्प्रेशनमधे (सिलिंडरातला दाब). या एका गोष्टीवर पुढचं सगळं काम ठरतं, म्हणून ती न बघता पाना हातात घेऊ नका. सलग पंधरा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मधे दोन मिनिटं थांबा, नाहीतर सेल्फची कॉइल जळते.

धूर नाही असं धरून चालू. पहिली नजर पंपावरच्या स्टॉप लिव्हरवर टाका. जुन्या गाडीत इंजिन बंद करायची केबल असते. उभी राहून ती गंजते आणि बटण आत ढकललं तरी लिव्हर बंदच्याच जागी अडकून राहतो. तो हातानं मागंपुढं करून बघा. रोटरी पंप (एकाच गोल डोक्यातून सगळे पाइप निघणारा) असेल तर चावी ऑन केल्यावर पंपावरच्या सोलेनॉइडमधून (डिझेल चालू-बंद करणारी विजेची खुंटी) 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का बघा. उंदरानं वायर कुरतडलेली असणं उभ्या गाडीत नेहमीचंच.

हे ठीक असेल तर एअर काढा. टाकीत किमान दहा लिटर डिझेल हवं. फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाणी किंवा काळा गाळ बसला तर टाकी धुवून दोन्ही फिल्टर बदला. त्याशिवाय पुढं जाऊन उपयोग नाही. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की आत पाणी साचतं.

मग फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा आणि फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्रायमर, म्हणजे हातानं मारायची मूठ किंवा लिव्हर, मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. लिव्हरवाला फीड पंप असेल आणि लिव्हर अगदी ढिला लागत असेल तर इंजिन थोडं फिरवून परत मारा. इंजिनातला कॅम (फीड पंपाला ढकलणारा उंचवटा) दाबलेल्या जागी थांबला की लिव्हरला झटकाच मिळत नाही. तेच काम मुख्य पंपावरच्या एअर स्क्रूवर करा. शेवटी चारही नोझलकडचे पाइप नट एकेक आटा सैल करून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. डिझेल उसळायला लागलं की नट आवळा. तिथं बोट धरू नका, तोंडही जवळ नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं आणि ती जखम दवाखान्यातच न्यावी लागते.

गाडी चालू होऊन पाच मिनिटांत परत बंद पडली तर एअर अजून कुठून तरी ओढली जातेय. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात गळती बाहेर दिसत नाही, कारण तिथं डिझेल ओढलं जातं. ते सांडत नाही, हवा आत येते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडा, बुडबुडे डोळ्यांना दिसतील. तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप, दुसऱ्यांदा वापरलेले तांब्याचे वॉशर, हे नेहमीचे गुन्हेगार. टाकीचं झाकण सैल करून गाडी टिकली तर ब्रीदर (टाकीत हवा जायचं भोक) धुळीनं बुजलाय.

पांढरा धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. महिंद्राच्या जुन्या पजो (Peugeot) इंजिनाला हीटर प्लग असतात. डीआय (थेट सिलिंडरात डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात बहुधा नसतातच. प्रत्येक प्लगची वायर काढून मल्टीमीटर लावा: चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. परभणीकडच्या डिसेंबरातल्या पहाटे चारपैकी दोन प्लग मेलेले असले तरी इंजिन दाद देत नाही. हीटर प्लग असलेल्या इंजिनात हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे मात्र मारू नका. तापलेल्या प्लगवर ते अवेळी भडकतं आणि पिस्टन, रिंगा फुटतात. एअर फिल्टरचा डबा उघडून आत घरटं नाही ना, तेही बघा.

इतकं करूनही पाइप नटातून डिझेल उसळलं नाही तरच पंप उतरवायचा. आणि उतरवण्याआधी पंपाची कडा आणि इंजिन यांवर मिळून छिन्नीची एक आडवी खूण मिस्त्रीकडून तुमच्यासमोर पाडून घ्या. ती नसेल तर परत बसवताना टायमिंग अंदाजानं लागतं, आणि धूर व तेलाचा खर्च वर्षभर सोसावा लागतो.