वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे : उत्तर बरोबर, मग गुण कुठे गेले?

प्रश्न : पॅरलल कॉम्प्युटिंगच्या प्रॅक्टिकलला मॅट्रिक्स गुणाकाराचा ओपनएमपी (एकाच वेळी चालणाऱ्या ‘थ्रेड’मध्ये काम वाटून देण्याची पद्धत) प्रोग्राम दिला होता. माझं उत्तर अचूक आलं, तरी 20 पैकी 11 च गुण पडले. जर्नलवर शेरा आहे, ‘टायमिंग तपासा’. चार थ्रेड लावले तरी वेळ तेवढाच दिसतो. ओरलला काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी वेळ कशानं मोजलात ते बघा. सी मधलं ‘क्लॉक’ फंक्शन वापरलं असेल, तर घोळ तिथंच आहे. लिनक्सवर ते सगळ्या थ्रेडनी मिळून सीपीयू किती वापरला याची बेरीज देतं. एका थ्रेडचं 10 सेकंदांचं काम चौघांनी अडीच सेकंदांत उरकलं, तरी आकडा 10 च्या आसपासच येणार. त्याऐवजी घड्याळाप्रमाणे वेळ देणारं ‘ओएमपी गेट डब्ल्यूटाइम’ गुणाकाराच्या आधी आणि नंतर घ्या, वजाबाकी करा. मॅट्रिक्स भरण्याचा आणि छापण्याचा वेळ यात धरू नका.

मग 1, 2, 4 आणि 8 थ्रेडवर प्रत्येकी पाच वेळा चालवून मधला आकडा लिहा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. बॅटरीवर प्रोसेसरचा वेग उतरतो आणि आकडे भरकटतात. तुलना साध्या सिरियल (थ्रेडमध्ये न वाटलेल्या) प्रोग्रामशीच करा, दोन्ही ‘ओ टू’ हा कंपायलरचा ऑप्टिमायझेशनचा पर्याय लावून कंपाइल केलेले हवेत. सिरियल प्रोग्राम ऑप्टिमायझेशनशिवाय चालवला की स्पीडअप (वेग किती पट वाढला तो आकडा) फुगतो, आणि परीक्षकाचं लक्ष नेमकं तिथं जातं.

प्रोसेसरला चारच कोर असतील, तर 8 थ्रेडवर दुप्पट वेग मिळेल असं धरू नका. शिवाय ॲमडालचा नियम आहेच : 10 टक्के काम सिरियल राहिलं, तर 8 कोरवर वेग फार तर 4.7 पट वाढतो आणि कितीही कोर जोडले तरी 10 पटीपलीकडे जात नाही. तुमचा आकडा कमी असला तरी बिघडत नाही. तो कमी का, हे त्याच तक्त्यावर बोट ठेवून सांगा. खरे गुण त्यालाच मिळायला हवेत.

जाता जाता : आतल्या लूपचे ‘जे’ आणि ‘के’ बाहेर डिक्लेअर केले असतील, तर ते सगळ्या थ्रेडमध्ये सामायिक होतात. ते प्रायव्हेट, म्हणजे प्रत्येक थ्रेडचे वेगळे, करा, नाहीतर आज बरोबर आलेलं उत्तर परीक्षकासमोर चुकेल.

प्रश्न : चौघांच्या गटाला एमपीआयचा (वेगवेगळ्या प्रोसेसनी एकमेकींना मेसेज पाठवून काम करण्याची पद्धत) प्रोजेक्ट दिला की कोड एकटाच लिहितो. गुण वेगवेगळे कसे द्यायचे?
– एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर : ओरलला प्रत्येकाला एकट्याला मशिनवर बसवा आणि कोडमध्ये छोटा बदल करायला लावा. दोन प्रोसेस एकमेकींना आधी ‘सेंड’ आणि मग ‘रिसीव्ह’ करतात असा कोड घ्या. 10 आकडे पाठवले तर तो सहसा सुरळीत चालतो. आता 10 लाख आकडे पाठवायला सांगा, पण रन करण्याआधी काय होईल ते कागदावर लिहून घ्या. लहान मेसेज लायब्ररी स्वतःच्या बफरमध्ये ठेवून घेते. मोठ्या मेसेजला समोरचा ‘रिसीव्ह’ वर येईपर्यंत ‘सेंड’ थांबून राहतं. दोघीही थांबतात आणि प्रोग्राम लटकतो. ज्यानं कोड लिहिलाय तो एका प्रोसेसचा क्रम उलटा करेल किंवा पाठवणं-घेणं एकत्र करणारं ‘सेंडरिसीव्ह’ वापरेल. नुसतं पाठ करून आलेला विद्यार्थी प्रोग्राम पुन्हा पुन्हा रन करत बसतो.

स्पीडअपच्या आकड्याला मात्र थेट गुण ठेवू नका. ठेवायचेच असतील, तर सगळ्यांचे प्रोग्राम लॅबमधल्या एकाच मशिनवर चालवा, नाहीतर महागड्या लॅपटॉपला गुण जातात.