परदेशात झाडांचं काम शोधताना आधी एवढं कर

ठाण्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची दोन वर्षं तुझ्या गाठीशी आहेत, ही भक्कम सुरुवात आहे रे. मीही इथल्याच गुलमोहरांवर शिकून ब्रिटनला गेलो होतो, म्हणून तिथलंच सांगतो.

एजंट काहीही म्हणो, व्हिजिटर व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही. आधी कामाचा व्हिसा.

माझी चूक म्हणजे मी थेट झाडावर चढायचं काम मागत फिरलो. तिथे चेनसॉ हातात देण्याआधी प्रमाणपत्र विचारतात, एनपीटीसी किंवा लँट्रा या तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचं. तू खालचं काम माग: फांद्या ओढणं, चिपरमध्ये (फांद्यांचे तुकडे करणारं यंत्र) घालणं, दोर सांभाळणं. त्यात कमीपणा अजिबात नाही.

हाताची सवय मात्र आजपासूनच बदल. सोसायटीवाले म्हणतात म्हणून आपण झाडाचा शेंडाच उडवतो. तसं करू नकोस. फांदीच्या बुडाशी फुगीर कड असते, तिच्या लगेच बाहेर काप घे. खुंट ठेवू नकोस, खोडाला घासूनही कापू नकोस. कापावर रंग नको. आणि छाटणीसाठी जिवंत झाडावर काट्यांचे बूट घालून कधीच चढू नकोस, सालीखालचा जिवंत थर फाटतो.

निघण्यापूर्वी:
- ठेकेदाराकडून लेटरहेडवर अनुभवपत्र
- छाटणीआधीचे आणि नंतरचे फोटो
- गाडीचं लायसन्स. आपलं तिथे पहिले 12 महिने चालतं

आयएसए या आंतरराष्ट्रीय वृक्षतज्ज्ञ संघटनेची परीक्षा 3 वर्षांच्या अनुभवानंतर, आत्ता नको. त्यापेक्षा तिथली झाडं ओळखायला शिक. हिवाळ्यात पानं नसतात, कळ्या बघाव्या लागतात. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या कळ्या काळ्या असतात, तिथून सुरुवात कर.